जुना डेस्कटॉप भंगारात कशाला? ("स्टिक घ्या, विषय संपवा" म्हणणाऱ्या दादांसाठी)

विश्रामबाग_बापू
काल एका दादांनी लिहिलं, "जुन्या डेस्कटॉपचं होम थिएटर हा रिकामटेकड्यांचा उद्योग, पीसी भंगारात घाला, टीव्हीला (नेटवरून सिनेमे दाखवणारी) स्टिक लावा, विषय संपवा." खाली अंगठ्यांची रांग. तिथं मावणार नाही म्हणून इथं लिहितोय.

कोअर टू ड्युओ हा जुना प्रोसेसर विंडोज १० ला रडतो म्हणून तुम्ही त्याला मेलेला धरता. अहो पण विंडोज टाकायचंच कशाला? लिब्रेइलेक टाका, ही लिनक्सवरची छोटी सिस्टीम, चालू केलं की थेट कोडी हा व्हिडिओ प्लेअर उघडतो, दुसरं काही नाहीच. लग्नाचे व्हिडिओ, पोरांची गॅदरिंगं, मैफिलींची रेकॉर्डिंगं सगळी एका डिस्कवर, नेट गेलं तरी चालू. साध्या स्टिकमध्ये जागा ८ जीबी, त्यातली बरीचशी तिच्याच ॲपनी खाल्लेली. १०८०पी एच.२६४, म्हणजे नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट, जुना प्रोसेसर बहुतेक वेळा ओढतो, अडतं ते एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटला. मग एनव्हिडियाचं जीटी १०३० टाका, ३० वॅटचं ग्राफिक्स कार्ड, वेगळी पॉवर केबल नको, एचडीएमआय पण मिळतं. फक्त लिब्रेइलेक १२ ची जेनेरिक-लेगसी इमेज (इन्स्टॉल करायची फाइल) घ्या, नुसत्या जेनेरिकवर एनव्हिडिया चालत नाही. हे न वाचता लोक काळा स्क्रीन बघत बसतात आणि शिव्या पीसीला.

कुपवाड_एमआयडीसी
तो दादा मीच. बापू, स्वतःच लिहिलेलं परत वाचा की. फुकटचा पीसी, त्याला कार्ड, त्याला एसएसडी, वर पॉवर सप्लाय कधी उडंल सांगता येत नाही. फुकट राहिलं काय? आणि रिमोट? पीसीच्या कार्डाला सीईसी नसतंय, टीव्हीच्या रिमोटनं काही हलत नाही. आमच्या आईला सोफ्यावर कीबोर्ड देऊ काय? ओटीटीचं तर बोलूच नका, लिनक्सवर ब्राउझरमधनं वाइडवाइन एल३ (कॉपी रोखायच्या कुलपाची खालची पायरी), म्हणजे पैसे फोरकेचे भरायचे आणि चित्र खालच्या दर्जाचं बघायचं. लाईटबिल वेगळंच. ८० वॅट, रोज ५ तास, महिन्याला १२ युनिट. १०० च्या वर गेलं की सगळं बिल वरच्या स्लॅबनं.

शाहूपुरी_साताऱ्याची
सगळं बिल नाही हो दादा. १०० च्या वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, खालच्या १०० ना खालचाच. बिलाच्या मागं छापलेलं असतं, कुणी उलटून बघत नाही. बाकी १२ युनिट बरोबर आहेत.

आणि हे "आईला जमणार नाही" कधी बंद करणार? माझ्या आईनं बँकेत कीबोर्ड बडवून रिटायरमेंट घेतली. तिला स्टिकच जमत नाही, कारण चालू केली की आधी जाहिराती, मग यानं हे बघितलं त्यानं ते बघितलं, आणि तिची भजनं कुठं आहेत ते शेवटपर्यंत सापडत नाही. कोडीत तिचा एक फोल्डर आहे, उघडला की संपलं.

कुपवाड_एमआयडीसी
बरं, स्लॅबचं मान्य. ताईंना बिलं पाठ आहेत. तुमच्या आई एक झाल्या, बाकीच्या गावाच्या आयांचं काय?

मिरज_स्टेशनरोड
पंख्याबद्दल कुणी बोललंच नाही. जुना पीसी टीव्हीखाली ठेवला की हिरो हळू आवाजात बोलायला लागला रे लागला की हा घुर्रर्र. धूळ काढा, प्रोसेसरची पेस्ट बदला, तरी पॉवर सप्लायचा पंखा राहतोच. आणि बोर्डावरचा सेल बदला, सीआर२०३२. तो मेला की मेन स्विच बंद केला की तारीख मागं जाते, तारीख चुकली की साइटांची सर्टिफिकेटं नाकारली जातात, कोडी सिनेमांची पोस्टरं आणत नाही आणि लोक वायफायला दोष देतात. एवढ्याशा सेलपायी एकानं सगळं परत इन्स्टॉल केलेलं मी बघितलंय.

गावभाग_जुना
तुमचं टीव्हीचं चालू द्या, मला वेगळंच सांगायचंय. जुना डेस्कटॉप देऊ नका, कारण त्यात जुनी कार्डं बसवायचा पीसीआय स्लॉट असतो. २००५ च्या आसपास लग्नं मिनीडीव्ही कॅसेटवर शूट झाली. ती टेप तिच्या मूळ दर्जात काढायची तर फायरवायर नावाचं जुनं पोर्ट लागतं, कॅमेऱ्याच्या यूएसबीतनं बहुतेक नुसते फोटो येतात. आजच्या लॅपटॉपला फायरवायर नाही, मॅकनं तर टाहो व्हर्जनमध्ये त्याचा सपोर्टच काढला. जुन्या पीसीत कार्ड बसवा, लिनक्सवर डीव्हीग्रॅब हा टेप उतरवायचा प्रोग्राम चालवा, तासाची टेप तासभरात उतरते, १३ जीबीच्या आसपास. आमच्याकडं सांगलीत २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी ५७ फूट पाणी होतं, घरात कुठवर आलं असेल बघा. कॅसेटा माळ्यावर होत्या म्हणून वाचल्या, पण दमटपणानं दोन-तीनवर बुरशी धरली.

कुपवाड_एमआयडीसी
काका, त्याला एवढा कुटाणा कशाला? स्टुडिओवाल्याला द्या, पेन ड्राइव्ह करून देतो. वर क्लाउडला टाका. पुरात पीसी पण बुडतोच की.

गावभाग_जुना
दिली होती एका स्टुडिओत. दाबून दाबून एवढीशी फाइल केली, चेहरे मेणासारखे, आणि नवरी मान वळवते तिथं कडेला कंगव्यासारख्या रेघा. डीइंटरलेस न करताच, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रं तशीच, चिकटवलेलं. टेपवर सेकंदाला अशी ५० अर्धी चित्रं (फील्ड) असतात, नीट केलं तर हालचाल गुळगुळीत दिसते. आणि पूर बघितलाय का तुम्ही? नदीपासनं लांब कुपवाडात बसून "पुरात बुडतोच की" म्हणायला काय जातंय? आम्ही होडीतनं बाहेर पडलोय.

कुपवाड_एमआयडीसी
काका, चिडू नका, पण माझी सासुरवाडी नदीकाठच्या सांगलवाडीची आहे, चिखल उपसायला मी पण होतो. मी एवढंच म्हणतोय की एका डिस्कवर भरवसा नको.

विश्रामबाग_बापू
धागा टीव्हीचा होता मंडळी.

शाहूपुरी_साताऱ्याची
बापू गप्प बसा हो, आता कुठं कामाचं चाललंय. काका, व्हीएचएसचं काय? बाबांच्या एकसष्ठीची कॅसेट आहे.

गावभाग_जुना
व्हीएचएसला फायरवायर नाही चालत, ॲनालॉग आहे ती. जुन्या पीसीत टीव्ही ट्यूनर कार्ड असेल तर त्याच्या व्हिडिओ-इनमधनं घ्या. आधी व्हीसीआरचं हेड पुसून घ्या. बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, हेडला लागली की पुढची चांगली कॅसेट पण बाधते. उतरवलेली मूळ फाइल ठेवा, बघायला वेगळी छोटी करा. आणि एक डिस्क पाव्हण्याकडं ठेवा, नदीपासनं लांब. हे दादांचं बरोबर आहे, एवढं एकच.

मिरज_स्टेशनरोड
म्हणजे पीसी ठेवायचा टेपा काढायला आणि सिनेमा बघायचा स्टिकवर. दोघं पण जिंकले, चला जेवायला.

विश्रामबाग_बापू
कुणी जिंकलं नाही. माझा पीसी टीव्हीखालीच राहणार. रिमोटचं म्हणाल तर यूएसबी सीईसी अडॅप्टर मिळतो, आणि तोवर फोनवर कोडीचा रिमोट ॲप आहे.

कुपवाड_एमआयडीसी
बघा, अजून एक खरेदी! बापू, तुमचा फुकटचा पीसी आता माझ्या टीव्हीएवढा पडायला लागलाय.

बाकी काका, कंपनीतल्या जुन्या मशिनीतनं काढलेलं एक फायरवायर कार्ड माझ्या ड्रॉवरात पडलंय, पीसीआयचंच आहे. रविवारी विश्रामबाग चौकात येतो. टीव्हीला मात्र मी स्टिकच लावणार.

गावभाग_जुना
या. ४ पिनची केबल असेल तर ती पण आणा, कॅमेऱ्याच्या बाजूला बारकी पिन लागते.