मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन, टाके आणि आपली झोपमोड : अनुभव सांगा

काल कपाट आवरताना एका पिशवीत मोजा सापडला. एकच. पुढून कापलेला आणि बाजूंना चार भोकं पाडलेला. फेकणार होते आणि मग एकदम लक्षात आलं की अरे हा तर ठमीचा ऑपरेशननंतरचा ड्रेस! ठमी आता 12 वर्षांची आहे, तेव्हा सहा महिन्यांची होती. कपाट राहिलं तसंच उघडं, मी तिथेच बसकण मारली.

पहिली रात्र मला अजून जशीच्या तशी आठवते. घरी आणली तेव्हा डोळे सताड उघडे, बुबुळं ही एवढी काळीभोर, आणि हाक मारली तर काही नाही. मला वाटलं संपलं सगळं. भुलीच्या औषधाने मांजरांचे डोळे मिटत नाहीत, म्हणून तर ते कोरडे पडू नयेत म्हणून आत मलम घालतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. कान गार लागत होते म्हणून गरम पाण्याची बाटली टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारी ठेवली आणि मी खाली फरशीवर तिच्या बाजूला आडवी. रात्री दोनला बाई उठल्या, दारू प्यायल्यासारख्या झोकांड्या खात कपाटावर चढायला निघाल्या. कपाटावर! धरून आणली, परत निघाली. असं सकाळपर्यंत.

जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालतात ती नरसाळ्यासारखी कॉलर तिने पहिल्या दहा मिनिटांत उलटं उलटं चालत काढून टाकली होती. म्हणून मग हा मोजा. पण मोजा घालायला एक दिवस उशीर केला तेवढ्यात तिने एक टाका उपसला. डॉक्टर माझ्यावरच ओरडले. मी म्हटलं मांजरं चाटूनच जखम बरी करतात ना, तर म्हणाले जीभ बघितलीय का तिची, कानस आहे ती, आणि तोंडात जंतू किती असतात ते वेगळंच. तर तुमचे अनुभव येऊ द्या. रडके पण चालतील.

भुरीचा बाबा
उलटं चालणं 😂😂 आमची अख्खं घर रिव्हर्समध्ये फिरली, सोफ्याखाली गेली आणि तिथे अडकली. मुलगी तिला कर्णा म्हणायची. एक सांगतो, कॉलरची कड नाकाच्या पुढे यायला पाहिजे. आमची पहिली कॉलर छोटी होती, कडेवरून मान वाकवून मजेत चाटत होती आणि आम्ही आपले निर्धास्त. आणि गळ्यापाशी दोन बोटं जातील इतकीच ढिली ठेवा, त्याहून ढिली असेल तर पुढचा पाय आत घालते आणि मग गोंधळ. खाताना काढावी लागते असं काही नाही, पसरट ताटली जरा उंचावर ठेवली की जमतं.

घाईतली
मोज्याचा फोटो टाका ना

सोनीची आई
आमच्याकडे दोघी बहिणी, सोनी आणि मनी, सोनीचं आधी केलं आणि घरी आणली तर मनी तिच्यावर अशी फिस्कारली की विचारू नका, सख्खी बहीण, रोज एकमेकींच्या अंगावर झोपणाऱ्या, आणि आता शेपटी फुगवून गुरगुर. औषधांचा वास येतो ना, ओळखतच नाहीत. मी रडले बाई. दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवल्या आणि एकच टॉवेल दोघींच्या अंगावरून फिरवत राहिले, जखमेपासून लांबून, मग हळूहळू आली ताळ्यावर. मनीच्या वेळी शहाणी झाले होते, आधीच वेगळी खोली, उंच काही नाही, शू-शीच्या ट्रेमधलं लिटर (ती वाळू हो) काढून कागदाचे तुकडे, कारण ते बारीक लिटर जखमेला चिकटतं. कुकर झाला वाटतं, नंतर येते

पहिलटकर
अगदी वेळेवर धागा आला. आमच्या चिंगीचं परवा झालं. पण सगळे पोटावर टाके म्हणतायत आणि हिचे तर कुशीवर आहेत, बरगड्यांच्या मागे!! चुकीच्या जागी कापलं का? खूप टेन्शन आलंय

भुरीचा बाबा
नाही हो, दोन्ही पद्धती आहेत. काही डॉक्टर पोटावर मधोमध करतात, काही कुशीतून. कुशीतली तर लांबूनही दिसते, भटक्या मांजरींचं बरेचदा तसंच करतात, धरून उलटी न करता बघता येते म्हणून.

पहिलटकर
हुश्श. धन्यवाद दादा. आज जरा गुलाबीसर पाणी आल्यासारखं दिसलं, थेंबभरच. आणि कडा लालसर आहेत

एक्स-रे काकू
पहिले एक-दोन दिवस थोडा लालसरपणा, थोडी सूज, एखादा थेंब हे चालतं. रोज सकाळी त्याच उजेडात एक फोटो काढून ठेव, म्हणजे कालच्यापेक्षा वाढतंय की कमी होतंय ते कळेल, नुसत्या आठवणीवर नाही कळत. पण ठिबकत राहिलं, पू किंवा वास आला, टाक्यांमध्ये फट पडली, मऊ गोळा बाहेर आल्यासारखा वाटला, तर वाट बघत बसू नकोस. आणि हिरड्या बघ. गुलाबी पाहिजेत. पांढऱ्याफटक आणि मांजर गार, निपचित, तर आतून रक्तस्राव असू शकतो, तेव्हा रात्र-बित्र काही बघायचं नाही, उचलायचं आणि निघायचं.
खाते का? पाणी? शू झाली का?

पहिलटकर
शू झाली. शी नाही. खाते थोडं थोडं

एक्स-रे काकू
शी दोन-तीन दिवस होत नाही बरेचदा, उपाशी होती ना. पण पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन करायचा. मांजराला उपास सोसत नाही, लिव्हरवर येतं.

गुंड्याचे पालक
आमचा बोका असल्यामुळे या धाग्यावर आम्हाला प्रवेश नाही बहुतेक. त्याला टाकेच नव्हते, दोन बारीक चिरा आपोआप मिटल्या, संध्याकाळी साहेब पडद्यावर. आम्ही सुट्टी काढली होती त्याच्यासाठी!!

घाईतली
पण बोक्यांना लगेच भाटीजवळ सोडू नका हां, ऑपरेशननंतरही काही आठवडे पिल्लं होऊ शकतात. आम्हाला झाली. चार.

गुंड्याचे पालक
😳

नेहमीची वाचक
मला फार हसू येत नाही या विषयावर, तरी लिहिते. आमची रात्री कण्हत होती म्हणजे मला तसं वाटलं, तर मोठ्या भावाने प्रेमापोटी तापाची गोळी पाव करून आणली. माझ्या हातात होती गोळी. काय वाटलं कोण जाणे, आधी डॉक्टरांना फोन लावला. ते फोनवर अक्षरशः किंचाळले. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, आपलं लिव्हर जे पचवतं ते त्यांच्या लिव्हरला जमत नाही, रक्तातून ऑक्सिजन वाहून नेणंच बंद पडतं. पाव गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनचंही तेच. दुखण्याचं औषध त्यांनी दिलं असेल तेवढंच, थेंब मोजून. भावाला अजून वाईट वाटतं, मी त्याला काही बोलत नाही.

सोनीची आई
बापरे. अंगावर काटा आला. आणि माझ्याकडचं पण सांगते, मी आले परत, जखम पुसायला मी घरातलं फरशीचं जंतुनाशक पाण्यात घालून घेणार होते. ते पण चालत नाही, फिनाईलसारखं काहीही नको, चाटलं की पोटात. स्पिरिट नको, पेरॉक्साईड नको. डॉक्टर म्हणाले बाई तुम्ही काहीच लावू नका, कोरडी ठेवा, आंघोळ नको, बस. काहीच न करणं हेच सगळ्यात अवघड आहे हो

ठमीची आई
हे शेवटचं वाक्य अगदी खरं. सारखं बघावंसं वाटतं. मी तर टॉर्च घेऊन बघायचे, ती वैतागून पाठ करायची.
@नेहमीची वाचक, भावाला सांगा बऱ्याच घरांत हे होता होता राहिलंय.

दोन माऊ एक मी
गाठीबद्दल कोणी लिहिलं नाही. टाके काढल्यावर आमच्या पिल्लीला वाटाण्याएवढी कडक गाठ लागली हाताला, मी गूगल करून करून कॅन्सरपर्यंत पोचलो. आतले टाके विरघळणारे असतात, त्याची गाठ ती, विरघळेपर्यंत काही आठवडे हाताला लागते. त्याआधी पाण्याचा फुगाही झाला होता कातडीखाली, तो मात्र माझ्याच कर्माने, पाचव्या दिवशी बरी झाली म्हणून बाहेर सोडली आणि तिने फ्रिजवर उडी मारली. तो हळूहळू जिरला. पण दाखवून आलोच, फुगा आणि हर्निया आपल्याला काय कळतोय.

वजन मात्र वाढलंय आता. ऑपरेशननंतर भूक तीच, गरज कमी. माझंही वाढलंय, माझं काही ऑपरेशन झालेलं नाही.

घाईतली
😂😂 ठमी नाव भारी आहे बाय द वे. बुटकी आहे का?

ठमीची आई
होती. आता आडवी पण आहे.

सयामी वाला
आमच्या सयामी जातीच्या मांजरीच्या कुशीवरचे केस काढले होते तिथे नवीन केस गडद तपकिरी आले, चौकोनच्या चौकोन. घाबरू नका कोणाचं असेल तर. त्यांचा रंग थंडीवर ठरतो, उघडी कातडी गार राहते म्हणून काळसर येतात, पुढच्या वेळी केस गळून आले की परत फिकट. वर्षभर पाहुणे विचारायचे, इस्त्री पडली का अंगावर?

पहिलटकर
अपडेट. आज 11 वा दिवस, टाके निघाले!! ते गुलाबी पाणी दुसऱ्या दिवशी बंदच झालं होतं, फोटो काढत होते म्हणून कळलं, काकू थँक्यू. कॉलर काढल्यावर तासभर नुसतं अंग चाटत होती. आणि मग, खरं सांगते, जमिनीवर पडलेल्या कॉलरमध्ये जाऊन झोपली.

घाईतली
मोज्याचा फोटो???

ठमीची आई
टाकते गं, मोबाईल मुलाकडे आहे

उद्याची
आमच्या राणीचं उद्या सकाळी 9 ला आहे. रात्री 10 नंतर खाणं बंद सांगितलंय, पाणी चालेल म्हणाले. ती रिकाम्या वाटीपुढे बसून ओरडतेय आणि मला पोटात कसंतरी होतंय. कोणी जागं आहे का?

एक्स-रे काकू
आहे. वय काय तिचं? पिल्लू असेल तर इतका वेळ उपाशी ठेवत नाहीत, सकाळी लवकर फोन करून विचारून घे.

उद्याची
दीड वर्ष

एक्स-रे काकू
मग ठीक. वाटी उचलून आत ठेव आधी.