शब्दचर्चा: 'प्रेतफूल', 'शवपुष्प' की आणखी काही?

ओवी_दळण:
मुलांच्या एका मासिकासाठी सुमात्राच्या जंगलातल्या अजस्र फुलांवर मजकूर लिहितेय आणि पहिल्याच ओळीत गाडी अडलीय. इंग्रजीतल्या 'कॉर्प्स फ्लॉवर'ला मराठीत काय म्हणायचं? 'शवपुष्प' वाचलंय. एके ठिकाणी 'मृतदेह फूल' दिसलं, ते वाचून पोलिसांचा पंचनामाच आठवला. मी 'प्रेतफूल' लिहिलं, तर आईने चष्मा वर करून विचारलं, "म्हणजे प्रेतावर वाहायचं फूल का गं?" तिचं काय चुकलं? पूजेचं फूल, गजऱ्याचं फूल, तसं प्रेताचं फूल. सगळी गंमत ज्या वासात आहे, तो वासच या समासात कुठे नाही.

दुसरी अडचण क्रियापदाची. 'जंगलात दुर्गंध दरवळला' असं लिहून गेले आणि मलाच हसू आलं. दरवळायला सुगंधच लागतो का?

रानवाट:
ओवीताई, नाव ठेवण्याआधी बाळ कुठलं ते ठरवा. तुमच्या मजकुरात दोन वेगळी झाडं एकमेकांत मिसळली असण्याची दाट शक्यता आहे. निम्म्या बातम्यांत तेच होतं: फोटो एकाचा, माहिती दुसऱ्याची.

पहिलं रॅफ्लेशिया. जमिनीलगत उमलणारं, पाच जाड पाकळ्यांचं, विटकरी लाल रंगावर पांढरट ठिपके असलेलं. रॅफ्लेशिया आर्नोल्डी या जातीचं फूल मीटरभर रुंद होऊ शकतं. एकच एक फूल म्हणून जगात सर्वांत मोठं ते हेच. याला पान नाही, खोड नाही, मूळ नाही. द्राक्षाच्या कुळातल्या टेट्रास्टिग्मा नावाच्या वेलीच्या आत ते धाग्यांसारखं पसरून राहतं. बाहेर येते ती फक्त कळी, कोबीच्या गड्ड्यासारखी. ती वाढायला कित्येक महिने घेते आणि उमलल्यावर फूल आठवडाभरात काळं पडून लिबलिबीत होतं.

दुसरं टायटन अरम, शास्त्रीय नाव अमॉर्फोफॅलस टायटॅनम. हे उभं असतं, तीन मीटरपर्यंत जातं. मधे पिवळट दांडा, भोवती आतून गडद जांभळट लाल असा झालरीचा पेला. हे एक फूल नाहीच. दांड्याच्या तळाशी, पेल्याच्या आत, शेकडो बारीक फुलं दाटीवाटीने बसलेली असतात. म्हणजे हा फुलोरा. मराठी वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत त्या दांड्याला 'स्थूलकणिश' आणि पेल्याला 'महाछद' म्हणतात. पहिला शब्द मुलांच्या मासिकात घातलात तर मासिक बंद पडेल. पण 'कणीस' घ्या, ते बरोबर बसतं. केवड्याचं कणीस आपण म्हणतोच.

दोघांचा परस्परांशी काही संबंध नाही. एक परोपजीवी, दुसरं आपल्या सुरणाचं सख्खं भावंड.

जुना_पाटा:
रॅफ्लेशियाला सरळ 'बांडगूळ' म्हणा की.

रानवाट:
नको. आपलं आंब्यावरचं बांडगूळ हिरव्या पानांचं असतं. पाणी आणि क्षार झाडाचे ओढतं, पण अन्न स्वतः शिजवतं. ते अर्धं चोर. रॅफ्लेशिया पूर्ण परावलंबी, हरितद्रव्याचा पत्ताच नाही. उपमा द्यायचीच तर अमरवेलीची जवळची. पण अमरवेल निदान बाहेरून दिसते तरी.

जकार्ताकर:
मी अकरा वर्षं इंडोनेशियात आहे, म्हणून तोंड घालतो. ओवीताई, इंग्रजी नावाचं भाषांतर कशाला करताय? ही फुलं ज्यांच्या अंगणातली आहेत, त्यांनी ठेवलेली नावं बघा. मराठी माणसाला ती शब्दकोशाशिवाय कळतात.

रॅफ्लेशिया आर्नोल्डीचं इथलं नाव 'पद्म राक्षस'. हो, आपलंच पद्म आणि आपलाच राक्षस. भाषा इंडोनेशियाची, आणि तिच्यात विशेषण नामाच्या मागून येतं, म्हणून संस्कृतच्या डोळ्यांनी वाचलंत तर पद्म नावाचा कुणी राक्षस वाटेल. अर्थ आहे राक्षसी आकाराचं कमळ. इथे 'राक्षस' या शब्दातला दुष्टपणा गळून नुसता प्रचंडपणा उरलाय. मोठ्या कंपनीलाही राक्षस म्हणतात, कुणी रागावत नाही. आपण 'राक्षसी बहुमत' म्हणतो तेव्हा थोडं असंच करतो, फक्त आपल्या शब्दात किंचित नाराजी असते.

१९९३ साली इथल्या सरकारने तीन राष्ट्रीय फुलं जाहीर केली. पांढरा मोगरा (इथे 'मेलाती') हे 'पुष्प बांग्सा', म्हणजे राष्ट्राचं फूल. चंद्र-ऑर्किड हे 'पुष्प पसोना', मोहिनी घालणारं. आणि पद्म राक्षस हे 'पुष्प लांका'. शेवटच्या शब्दावरून रावणाकडे धावू नका. 'लांका' म्हणजे दुर्मीळ. मीही पहिल्यांदा धावलो होतो.

मलेशियात याच फुलाला 'पाक्मा' म्हणतात, तेही पद्मच, जिभेवर झिजलेलं. जावामधल्या एका जातीचं शास्त्रीय नाव तर रॅफ्लेशिया पात्मा असंच आहे.

आता 'कॉर्प्स फ्लॉवर'चं मूळ. टायटन अरमला इथे 'बुंगा बांगकाय' म्हणतात. बुंगा म्हणजे फूल. बांगकाय म्हणजे मेलेलं जनावर. माणसाच्या मृतदेहाला हा शब्द वापरला तर शिवी होईल. माणसासाठी 'मायत' किंवा आदराने 'जनाजा' (इथला उच्चार 'जेनाझाह'). मय्यत आणि जनाजा आपल्याकडेही आहेत. तेव्हा 'शव' आणि 'प्रेत' हे दोन्ही शब्द मूळ नावापेक्षा गंभीर आहेत. रस्त्याच्या कडेला फुगून पडलेलं ढोर, ती छटा हवी. आणि गोंधळाबद्दल रानवाट म्हणतात ते खरंच आहे. इथली सामान्य माणसंही रॅफ्लेशियाला सर्रास बुंगा बांगकाय म्हणून मोकळी होतात, आणि वनखात्याचे लोक फलक लावून समजावत बसतात.

ओवी_दळण:
पद्म राक्षस! हे मी शोधून सापडलं नसतं. जकार्ताकर, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंय का?

जकार्ताकर:
एकदा, सुमात्रात बेंगकुलूकडे. चौथा दिवस होता, कडा काळवंडायला लागल्या होत्या. खरं सांगू, वास फार नव्हता. वाकून नाक जवळ नेल्यावर फ्रिज बंद पडलेल्या घराचा वास आला. माशा मात्र भरपूर.

बेंगकुलूजवळच १८१८ साली जोसेफ आर्नोल्ड या डॉक्टरला हे फूल दिसलं. दिसलं म्हणजे, बरोबरच्या मलय नोकराने धावत येऊन दाखवलं. आर्नोल्डने मोजमापं घेतली, वजन केलं, ते पंधरा पौंड भरलं, आणि वास खराब झालेल्या गोमांसासारखा असल्याचं लिहून ठेवलं. त्याच वर्षी तो तापाने गेला. लंडनमध्ये रॉबर्ट ब्राउनने १८२१ मध्ये नाव छापलं: वंशाला रॅफल्स या गव्हर्नरचं, जातीला आर्नोल्डचं. धावत आलेल्या माणसाचं नाव त्यात कुठेच नाही.

दवबिंदू:
नोव्हेंबर २०२५ मधला तो व्हिडिओ पाहिला का कुणी? पश्चिम सुमात्राच्या जंगलात रात्रीच्या वेळी रॅफ्लेशिया हॅसेल्टीची कळी डोळ्यांदेखत उघडते, आणि ती १३ वर्षं शोधणारा तिथला एक निसर्गप्रेमी ढसाढसा रडतो. सडक्या मांसाच्या वासाच्या फुलापुढे. मला वाटतं 'उमलणे' हेच क्रियापद ठेवावं, वास कसाही असो.

पाटी_पेन्सिल:
वासाच्या शब्दांवर या, मूळ प्रश्न तोच होता. माझं मत:

दरवळणे, घमघमणे, परिमळणे ही सगळी चांगल्या वासाची मक्तेदारी. वाईट वास 'येतो', 'सुटतो', 'पसरतो', 'मारतो'. 'वास मारतोय' म्हटलं की पुढे विशेषणाची गरजच उरत नाही, कारण सुगंध कधी कुणाला मारत नाही. 'वास' हा शब्द कागदावर तटस्थ आहे, बोलण्यात नाही. 'तुमच्या घरात वास येतोय' असं पाहुण्याने म्हटलं तर यजमान उदबत्ती शोधतो, केवडा लावल्याचं सांगत नाही.

'घाण' तर आणखी मजेदार. मूळ 'घ्राण', म्हणजे वास घेणं, नाक. मराठीत येईपर्यंत नाकाने फक्त वाईट तेवढंच लक्षात ठेवलं. 'दर्प'चा प्रवास उलटा: संस्कृतमध्ये गर्व, मराठीत डोक्यात जाणारा वास. गर्विष्ठ माणूस खोलीत शिरला की जे होतं तेच, म्हणा.

टायटन अरमसाठी माझं मत 'भपकारा'ला. तो वास सलग येत नाही, लाटांनी येतो. कणीस तापतं, जवळजवळ माणसाच्या अंगाइतकं, ३६ अंशांच्या आसपास, आणि त्या उबेवर वास वर चढतो. लांबवरचे मढं खाणारे भुंगेरे आणि माशा फसून येतात. पहिल्या रात्री मादी फुलं तयार असतात, नर फुलांचे पराग दुसऱ्या दिवशी सुटतात, म्हणजे स्वतःचे पराग स्वतःवरच पडत नाहीत. दोन दिवसांत सगळा तमाशा आटोपतो. भपकारा हा शब्द जणू याच्यासाठीच घडवलाय.

रानवाट:
भर घालतो. त्या वासातले मुख्य घटक डायमिथाइल डायसल्फाइड आणि ट्रायसल्फाइड, म्हणजे गंधकाची संयुगं. आणि आपण सल्फरला काय म्हणतो? गंधक. ज्याच्या नावातच गंध.

कोकणकडा:
इतकी दूर कुठे चाललात मंडळी? रोहिणी नक्षत्र संपत आलं की आमच्या परड्यात हेच फूल येतं. सुरणाचं फूल पाहिलंय का कुणी? पान यायच्या आधी मातीतून एकदम जांभळट, सुरकुतलेलं बोंड वर येतं. पहिल्या दिवशी घरातले सगळे मेलेला उंदीर शोधतात. माळा झाला, कपाटामागे झालं, शेवटी आजी म्हणते, "अरे, सुरण फुललंय." दरवर्षी हेच, आणि दरवर्षी उंदीरच शोधतात.

आणि शेवळं? तीही याच वंशातली. पहिल्या पावसाच्या सुमारास ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात कातकरी, ठाकर बायका जुड्या घेऊन बसतात. ती मिटलेली असतानाच खायची. वरचं आवरण सोलायचं, दांड्याच्या खालचा पिवळट दाणेदार भाग काढून टाकायचा, नाहीतर घसा दिवसभर बोंबलतो. तो दाणेदार भाग म्हणजेच वर रानवाट म्हणतात ती फुलं. मग काकडांचा, म्हणजे खाज मारणाऱ्या आंबट रानफळांचा, रस आणि कोलंबी. उघडलेलं शेवळ कुणी घेत नाही, माशांखेरीज.

वासाला आमच्याकडे शब्द 'हिंवस'. कच्च्या मासळीचा, अंड्याचा. पण सुरणफुलाला तो पुरत नाही. त्याला 'कुजट'.

जुना_पाटा:
मुंबईत रस्त्याकडेला जंगली बदाम लावलेत, फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतात. लोक गटाराला शिव्या देतात. त्याचं शास्त्रीय नाव स्टर्क्युलिया फेटिडा. पहिला शब्द रोमन लोकांच्या खताच्या देवावरून, दुसऱ्याचा अर्थ दुर्गंधी. लिनियसने एकदा सांगून समाधान झालं नाही.

पाटी_पेन्सिल:
शास्त्रीय नावांचा विषय निघालाच तर 'अमॉर्फोफॅलस'चा शब्दशः अर्थ मासिकात देऊ नका, ताई. 'अमॉर्फो' म्हणजे बेढब, एवढ्यावर थांबा. बीबीसीच्या १९९५ च्या मालिकेत डेव्हिड अ‍ॅटनबरो यांनाही ते नाव टीव्हीवर पुन्हा पुन्हा उच्चारणं प्रशस्त वाटलं नाही, म्हणून त्यांनी 'टायटन अरम' हे नाव वापरलं आणि तेच रूढ झालं. म्हणजे इंग्रजीतही हे नाव लाजेपोटीच आलंय. आपण आपलं ठेवायला मोकळे.

दवबिंदू:
भारतात यातलं काही नाहीच का?

रानवाट:
रॅफ्लेशियाचं नातलग आहे: सॅप्रिया हिमालयाना. विल्यम ग्रिफिथला १८३६ मध्ये मिश्मी टेकड्यांत सापडलं. आजच्या अरुणाचलात आणि ईशान्येच्या इतर काही भागांत आहे. वीतभर रुंद, लाल, पिवळे ठिपके, दहा पाकळ्या. तेही वेलीच्या मुळांवर जगतं. त्याला 'पद्म राक्षस' म्हणता येणार नाही, फार तर राक्षसाचं पोर.

ओवी_दळण:
सगळ्यांचे आभार. मजकूर असा बदललाय: रॅफ्लेशियाला पहिल्यांदा 'पद्म राक्षस' (आणि तिथली भाषा उलटी का चालते याची एक चौकट), नंतर नुसतं रॅफ्लेशिया, नपुंसकलिंगी, 'ते फूल' धरून. टायटन अरमला 'राक्षसी सुरण'. 'बुंगा बांगकाय'चा अर्थ 'मेल्या जनावराच्या वासाचं फूल' असा सरळ उलगडून दिलाय, समास केलाच नाही. क्रियापद: फूल उमलतं, भपकारा सुटतो. दरवळला काढून टाकला.

आईला वाचून दाखवलं. 'राक्षसी सुरण' ऐकून म्हणाली, "खाजत असेल की मग. चिंच भरपूर घालावी लागेल."

कोकणकडा:
चिंचेने नाही भागायचं. काकडं.