शंकूबाहेर म्हणजे सुटलो असं नाही

येणाऱ्या चक्रीवादळाबद्दल "आमचं शहर अंदाजाच्या नकाशावरच्या शंकूच्या बाहेर आहे, मग कशाला काळजी?" असं एकाने विचारलंय. अहो, तो शंकू वादळाचा आकार नव्हे. केंद्र कुठून जाईल याचा तो अंदाज, आणि केंद्र त्यातच राहण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांश. वारा, पाऊस, समुद्राचं उधाण त्याबाहेरही पोचतं. २०२२च्या इयन चक्रीवादळाच्या वेळी सगळ्यांचे डोळे फ्लोरिडातल्या टॅम्पाकडे लागलेले, आणि वादळ धडकलं दक्षिणेला, फोर्ट मायर्सच्या बाजूला!

आत्ता तर या नव्या वादळाचं केंद्रही धड तयार नाही. वादळाचा मार्ग वर्तवणाऱ्या संगणक-मॉडेलच्या त्या रंगीत रेषा (सांडलेल्या शेवयाच जणू) फार मनावर घेऊ नका. पाहणीची विमानं वादळात शिरून दाब मोजून आली की अंदाज सुधारेल. अमेरिकेतल्या मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन (चक्रीवादळ) केंद्राचं पत्रक एकदा सुरू झालं की दर ६ तासांनी येतं, तेवढं बघत राहा.