अनुभव धागा : इंजिनीअरची नोकरी आणि डोंगरातली सायकल

दिवाळीची साफसफाई चाललीय. काल माळ्यावरून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात सायकलच्या सीटपोस्टचा (सीट धरणारा दांडा) तुटका तुकडा, वीतभर. बायको म्हणाली भंगारात टाकू का, मी म्हटलं थांब जरा, आणि तो हातात घेऊन तिथंच शिडीवर बसलो.

२०११ सालची गोष्ट. साताऱ्यात एमआयडीसीत एका कंपनीत क्वालिटीला होतो. फर्स्ट शिफ्ट सुटली की चहा घेऊन सायकल काढायची, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि उतरताना डांबरी सोडून कच्च्या वाटेनं यायचं. एके दिवशी असाच उतरत होतो, एक छोटासा दगड आला, नेहमीचाच, आणि सीट एकदम खालनं गेली. मी झुडपात. उठून पहिल्यांदा काय केलं असेल तर तो तुटलेला तुकडा उन्हात धरून बघितला. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत, आणि त्यावर बारीक बारीक कमानी, एकात एक, ओढ्याचं पाणी ओसरलं की वाळूवर उरतात ना तशा. बाकीचा भाग खडबडीत, चमकणारा. हे चित्र मी डिप्लोमाला पुस्तकात बघितलेलं, कंपनीत तुटून परत आलेल्या शाफ्टवर पण बघितलेलं. फटीग, सारखा सारखा ताण येऊन धातू थकतो तो प्रकार. म्हणजे ती भेग त्या दगडानं पडलेली नव्हती, कित्येक महिने रोज थोडी थोडी वाढत होती आणि मी रोज तिच्यावर बसून घाट उतरत होतो. कारण पण समजलं. फ्रेम मला लहान होती म्हणून सीटपोस्ट त्या मिनिमम इन्सर्शनच्या रेघेच्या (दांडा फ्रेममध्ये निदान इथवर आत हवा ती खूण) वर काढलेला, दोन बोटं. तेवढ्यानं क्लॅम्पपाशी वाकण्याचा ताण वाढत गेला.

दुसऱ्या दिवशी लंगडत कामावर गेलो ते तुकडा खिशात घेऊनच. आमच्या लॅबमधल्या सिनिअरनी भिंगाखाली धरला, भेग कुठून सुरू झाली तो बिंदू दाखवला आणि म्हणाले हा जपून ठेव. त्यानंतर माझ्या टेबलावर रिजेक्शनचा कुठलाही पीस आला तरी त्याला आधी उन्हात धरायची सवय लागली ती आजतागायत.

इथं बरेच जण इंजिनीअर आहेत आणि बरेच जण सायकल घेऊन डोंगरात जाणारे. तुमचं काय झालं, कामानं सायकल शिकवली का सायकलनं काम, जे असेल ते लिहा.

कुरणेश्वर :
दादा लागलं किती ते सांगा आधी!! वाचूनच मांडी आखडली माझी

धागाकर्ता :
मांडीला सात टाके. आता काही नाही, पावसाळ्यात ओढतं थोडं.

कृष्णाकाठ :
सांगलीकर इथं. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं तेव्हा आमचं घर गावभागात, खालचा मजला पूर्ण पाण्यात. सामान वर नेताना सायकल राहिली. पाणी उतरल्यावर बघतो तर चिखलाचा गोळा. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, आईची शिलाई मशीन गेली, ती सगळी कामं झाल्यावर महिन्यानं सायकल घेतली हातात. हबमधनं (चाकाचा मधला भाग) गाळ निघाला लगा, मैद्यासारखा मऊ, छर्रे त्यात रुतलेले. सगळे छर्रे रॉकेलमध्ये धुतले. आणि पेडल काही निघेना. उजवं निघालं, डावं हलेना. डब्ल्यूडी फोर्टी मारलं, पान्यात पाईप घालून जोर लावला, तासभर. शेजारचे सायकलवाले काका आले त्यांनी पाना उलट्या बाजूला फिरवला, दोन मिनिटांत खोललं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मी इलेक्ट्रिकलचा, हे माहीत नव्हतं. मग रात्री वाचत बसलो का असं. पेन्सिल मुठीत सैल धरा आणि तिचं बाहेरचं टोक गोल फिरवा, पेन्सिल मुठीत स्वतःभोवती उलटी फिरते. पेडलचा दांडा क्रँकमध्ये (पेडल ज्याला जोडतात तो हात) तसाच फिरायला बघतो, म्हणून आटे असे की चालवताना आवळत जावं, सुटू नये. त्या महिन्यात घरात चांगलं असं काही घडत नव्हतं, ती पेन्सिल फिरवताना मात्र खूप बरं वाटलेलं.

कंदीपेढा :
@कृष्णाकाठ आमचे मामा पण गावभागातच, त्यांचं किराणा दुकान गेलं त्या वर्षी. काय दिवस होते ते. आईची मशीन झाली का परत चालू?

कृष्णाकाठ :
झाली की. मीच खोलली, सायकल झाल्यावर हात बसला होता. अजून चालते.

रानवारा :
मी सॉफ्टवेअरवाली, माहेर सातारा, नोकरी पुण्यात, शुक्रवारी रात्रीच्या एसटीनं घरी आणि शनिवारी पहाटे ठोसेघर रोड. माझ्या सायकलला कटकट आवाज यायचा पेडल मारताना. सगळे म्हणाले बीबी गेली (बॉटम ब्रॅकेट, क्रँक ज्यावर फिरतात ती बेअरिंग). दुकानात बीबी बदलली, पैसे गेले, आवाज तसाच. मग चेन बदलली. तसाच. मग एक दिवस सज्जनगड फाट्याच्या पुढं चढावर उभी राहून पेडल मारलं आणि आवाज बंद!! बसले की चालू. म्हणजे बीबीचा काही संबंधच नाही, सीटकडचं काहीतरी. घरी येऊन सीटच्या सळ्या धरणारा बोल्ट काढला, कोरडा ठक्क, त्यात लाल माती. पुसला, ग्रीस लावलं, संपलं. ऑफिसमध्ये त्याच आठवड्यात प्रॉडक्शनला एक बग होता आणि आमची सगळी टीम अंदाजानं एक एक गोष्ट बदलत सुटलेली. मी म्हटलं कुणी काही बदलू नका, आधी आवाज कधी येतो आणि कधी थांबतो तेवढंच लिहून काढू. मीटिंगमध्ये "आवाज" म्हणाले चुकून 😄 पण सापडला संध्याकाळपर्यंत. आता टीममध्ये तोच शब्द चालतो.

बाकी त्या रस्त्याला एक आजी आहेत, दर वेळी विचारतात एकटीच का गं. आता एकटीच म्हटलं की पाण्याचा तांब्या आणतात.

कुरणेश्वर :
ताई टायरमध्ये हवा किती ठेवता ठोसेघरला? जांभ्यावर पावसात माझं पुढचं चाक सुटतंच, शेवाळ असतं

रानवारा :
ट्यूबलेस आहे, २५ पीएसआयच्या आसपास, वजन माझं ५४. तुमचं जास्त असेल तर जास्त लागेल. पण शेवाळ असलं की हवा कमी करून काही होत नाही हो, तिथं ब्रेकच धरायचा नाही आणि हँडल सरळ.

धोम कालवा :
मी निवृत्त, पाटबंधारे खात्यात होतो. १९७८ ला कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, वाईकडं कालव्याचं काम. जीप एकच, ती वरच्या साहेबांकडं. आम्हाला सायकल, काळी, बिनगिअरची, आणि कालव्याच्या भरावावरचा मुरमाचा रस्ता. पाटकरी पुढं, मी मागं. पंधरा पंधरा मैल जायचो. तुम्ही ज्याला माउंटन बाईक म्हणता ती तेव्हा आम्ही ऐकलीसुद्धा नव्हती. पण एक सांगतो. भरावाच्या पायथ्याला एखाद्या ठिकाणी गवत जास्त हिरवं दिसलं की समजायचं आत झिरपतंय. उन्हाळ्यात तर लगेच दिसतं. सायकलवरून ते दिसायचं, उतरून हात लावला की माती गार. पुढं मला जीप मिळाली आणि ते दिसायचं बंद झालं. वर्षभरानं मी सेक्शनला असताना पुन्हा सायकलच काढली, लोक बघत राहिले. आज नातू त्याच भरावावर जाड टायरची सायकल घेऊन जातो, पाटाला पाणी असलं की मला फोटो पाठवतो.

कंदीपेढा :
काका 🙏🙏 असं अजून लिहा प्लीज

गिअरबॉक्स :
काका तुम्ही कालव्यावर सायकल हाणत होता ना, तेव्हाच तिकडं कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडत होती. १९७६ पासून त्यांची एक शर्यत, नाव रीपॅक. नाव का, तर मागं पेडल उलटं मारायचा ब्रेक, हबच्या आत. एका उतारात तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर व्हायचं आणि खाली आलं की हब खोलून परत ग्रीस भरायचं, म्हणून री-पॅक. मग १९७७ ला जो ब्रीझनं मुद्दाम डोंगरासाठी फ्रेम बनवली. मी ब्रेकच्या टेस्टिंगला आहे (चारचाकी), नवीन पोरं जॉईन झाली की उष्णता कुठं जाते हे समजवायला पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगतो. गणितं नंतर.

ओटा आणि मी :
मी सायकलवाली नाही, आमचे हे आहेत, मेकॅनिकल. त्यांनी ब्रेकचं तेल बदललं ते किचनच्या ओट्यावर, का तर तिथं उजेड चांगला. दोन थेंब ट्रॉलीवर पडले, रंग फुगून निघाला. मग कळलं ते डॉट का काय असतं त्यानं रंग जातो. पण त्यांनी दुसऱ्या रविवारी बसून दोन्ही ट्रॉल्या घासून रंगवून दिल्या, कंपनीच्या पेंट शॉपमधल्यासारख्या, एक ओघळ नाही. आता मी मुद्दाम बाकीच्या पण रंगवून घेतल्या.

गिअरबॉक्स :
@ओटा वहिनी त्यांना सांगा उघडी बाटली पुढच्या वर्षी वापरायची नाही. डॉट तेल हवेतलं पाणी ओढून घेतं, मग घाटात तापलं की उकळतं आणि लिव्हर हँडलला टेकतो. शिमानोच्या ब्रेकवाल्यांना मिनरल ऑईल लागतं, दोन्ही अदलाबदल अजिबात नको, सील फुगतात.

वळणवाट :
सिव्हिल. रस्त्यांची कामं करतो, जास्त करून डोंगरातली. मला सायकलनं पाणी शिकवलं असं म्हणेन. पावसाळ्यानंतर त्याच वाटेनं गेलं की कळतं कुठं चर पडला. वाट सरळ उताराला काढली की पहिल्याच जूनमध्ये तिचा ओढा होतो. आडवी काढली, बाहेरच्या अंगाला जरा कलती ठेवली आणि मध्ये मध्ये छोटा चढ घेतला की पाणी तिथं बाहेर पडतं, वाट राहते. हे पुस्तकात होतंच, पण चाक चरात अडकून तोंडावर पडल्यावर डोक्यात बसलं. आता साईटवर मी मोऱ्यांची जागा ठरवायला पहिल्या पावसात जातो, उन्हाळ्यात नाही.

आणि एक हात जोडून विनंती. कासच्या सड्यावर (पठारावर) सायकल घालू नका. रस्त्यावरून जा, साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर आहे, सुंदर आहे. पण जांभ्यावर माती बोटभर पण नाही, तेवढ्यात ती फुलं येतात, एका चाकाची रेघ कित्येक वर्षं राहते. २०१२ ला जागतिक वारसा झालाय तो. परवा एका ग्रुपचे फोटो बघितले, सड्यावर स्किड मारलेले. रात्री झोप लागली नाही मला.

रानवारा :
+१ +१ +१ शंभर वेळा

कुरणेश्वर :
बरोबर आहे. त्या ग्रुपला कुणी ओळखत असेल तर समोरासमोर जाऊन सांगू या, ओरडून नको

नवा पाना :
मी फायनल इयरला सायकलचा मागचा शॉक खोललेला प्रोजेक्टला, कुणाचा तरी बाद झालेला. आत पिस्टनवर पातळ चकत्यांचा गठ्ठा असतो, तेल त्या चकत्या वाकवून वाट काढतं, एक चकती कमी केली की सगळी चाल बदलते. मायक्रोमीटरनं एक एक मोजली, वहीत चिकटपट्टीनं लावली क्रमानं. इंटरव्ह्यूला सर्टिफिकेटची फाईल नेलीच पण ती वही पण नेली. त्यांनी फाईल उघडली नाही. अर्धा तास वहीवर बोललो. आता शॉकअपच्याच कंपनीत आहे, दीड वर्ष झालं. दंडोबाच्या डोंगरावर जातो रविवारी, मिरजेजवळच आहे घर.

कृष्णाकाठ :
@नवा पाना आरं भावा दंडोबाला मी पण असतो! पायऱ्यांच्या बाजूनं का मागनं चढतोस?

नवा पाना :
मागनं. या रविवारी सहाला. येताना भडंग आणा 🙂

धागाकर्ता :
सगळं वाचतोय, फराळाचं चाललंय म्हणून उत्तरं द्यायला उशीर होतोय. @वळणवाट तुमचं मी प्रिंट काढून ग्रुपच्या बोर्डावर लावणार आहे. आणि त्या फटीगबद्दल अजून एक, ॲल्युमिनियमचं असं असतं की स्टीलसारखी ताणाची एक खालची मर्यादा त्याला नसते, जिच्या खाली कितीही वापरा काही होत नाही. ताण कमी असला तरी आयुष्य मोजूनच असतं. म्हणून हँडल, स्टेम, सीटपोस्ट महिन्यातून एकदा पुसून उजेडात बघायचे. बोल्टपाशी जेवढा टॉर्क (आवळायचा जोर) छापलाय तेवढाच.

धोम कालवा :
हे वाचून आत्ता खाली जाऊन नातवाच्या सायकलची सीट बघून आलो. ती रेघ बाहेर आहे, बोटभर. सीट खाली घेतली. तो म्हणतो आजोबा आता गुडघे वर येतात. उंची वाढलीय त्याची या वर्षी. लांब सीटपोस्ट कुठं मिळेल?

धागाकर्ता :
काका दांड्यावरच जाडीचा मिलिमीटरमध्ये आकडा कोरलेला असेल, २७.२ किंवा ३०.९ असा काहीतरी, तो कळवा. दिसत नसेल तर राहू द्या, अंदाजानं घेऊ नका. मी रविवारी वाईला येतोय बहिणीकडं, व्हर्निअर घेऊन येतो. तोवर त्याला भरावावर पाठवू नका.