फ्रेंच प्रश्न: आधी 'एस्क' की थेट उलटापालट?

जोडाक्षर: हो-नाही उत्तराचा फ्रेंच प्रश्न तीन तऱ्हांनी होतो. नुसता सूर चढवून: 'वू पार्ले फ्राँसे?' (तुम्ही फ्रेंच बोलता?) वाक्याच्या सुरुवातीला 'एस्क' हा प्रश्न करणारा शब्दसमूह लावून: 'एस्क वू पार्ले फ्राँसे?' किंवा कर्ता-क्रियापद उलटवून: 'पार्ले-वू फ्राँसे?' माझं मत स्पष्ट आहे: ए२ होईपर्यंत (ए१ ही भाषेची पहिली पातळी, ए२ दुसरी) उलटापालट वाचून कळली तरी पुरे, बोलायला लावू नये. एस्क म्हणजे आपला 'का'च, फक्त वाक्याच्या शेवटी न बसता तोंडाशी बसतो. बाकीचं वाक्य जागचं हलत नाही. प्रश्नशब्द असेल तर तो एस्कच्याही आधी: 'ऊ एस्क वूझाबिते?' (तुम्ही कुठे राहता?)

लियाँकर: बोलायला लावू नये? मग 'पुवे-वू' (तुम्ही ... शकाल का), 'वुले-वू' (तुम्हाला हवंय का) कधी शिकवणार? विनंती करताना हीच रूपं रोज तोंडात असतात. 'प्वीझ'ही तसंच: 'झ प' (मी ... शकतो) उलटवलं की 'प-झ' होत नाही, 'प्वीझ' होतं. हे पाठच करावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं. शिवाय एस्कची सवय आधी मुरली की पुढे दोन्ही एकत्र येतात: 'एस्क पार्ले-वू'. एका वाक्याला दोन 'का' लावल्यासारखं.

जोडाक्षर: ती खिचडी दोन्ही पद्धती एकाच आठवड्यात शिकवल्यामुळे होते. विनंतीची तीन-चार रूपं तयार शब्द म्हणून द्या की, नियम कशाला? नियम काढला की काय काय मागे येतं बघा. 'तो' किंवा 'ती' कर्ता असून क्रियापद स्वरावर संपत असेल तर मध्ये टी घालायचा: 'पार्ल-तिल' (तो बोलतो का), 'माँझ-तेल' (ती खाते का; हे खायचं तेल नव्हे!). टीच्या दोन्ही बाजूंना जोडरेघ. मुलं हमखास अपॉस्ट्रॉफी टाकतात. पण 'प्राँ-तिल'मध्ये (तो घेतो का) जादा टी नाही, कारण शेवटचा डीच तिथे 'त' होऊन ऐकू येतो. कर्ता नाम असेल तर नाम जागेवर ठेवून मागे सर्वनाम जोडायचं: 'मारी पार्ल-तेल फ्राँसे?' 'ऊ वा ल त्रँ?' (गाडी कुठे जाते?) चालतं, पण त्याच धर्तीवर 'पूर्क्वा पार मारी?' (मारी का निघते?) केलं की चूक. तिथे 'पूर्क्वा मारी पार-तेल?' हवं. ए१ वाल्याने हे कुठे कुठे लक्षात ठेवायचं?

नऊवारी: तुमच्या भांडणात सूर चढवणं राहूनच गेलं. बोलण्यात सर्वांत जास्त तेच ऐकू येतं. फक्त एक अडचण: 'क' (म्हणजे काय) वाक्याच्या शेवटी जात नाही, तिथे त्याचं 'क्वा' होतं. 'त्यू फे क्वा?' (काय करतोस?) हे मित्राला ठीक, परीक्षकाला नको. डेल्फ या फ्रेंचच्या प्रमाणपत्र परीक्षेच्या ए१ पातळीच्या तोंडी परीक्षेत चिठ्ठ्यांवरच्या एकेका शब्दावरून परीक्षकाला प्रश्न विचारायचे असतात. तिथे 'वू' (तुम्ही) आणि एस्क, बास.

लियाँकर: चिठ्ठ्यांपुरतं मान्य. पण एस्क सोपं, हा भ्रम 'काय'पाशी फुटतो. 'काय करतोस?' आणि 'काय चाललंय?' दोन्हींत आपला 'काय' एकच. फ्रेंचमध्ये पहिल्यात काय हे कर्म, म्हणून 'केस्क त्यू फे?' दुसऱ्यात तेच कर्ता, म्हणून 'केस्की स पास?' आणि 'केस्किल फे?' (तो काय करतो?) ऐकून 'केस्की' लिहिणारे तर ढिगाने. तो 'कि' खोटा, 'केस्क' आणि 'इल' जोडून झालेला.

जोडाक्षर: त्याला युक्ती आहे. पुढे लगेच क्रियापद आलं तर केस्की, कर्ता आला तर केस्क. 'केस्किल'मध्ये 'इल' हा कर्ता बसलाय, म्हणून केस्क. उलटापालटीला अशी एका ओळीची युक्ती असेल तर सांगा.

लियाँकर: सर्वनाम कर्ता असेल तर आहे: जोडरेघ दिसली की कर्ता तिच्या उजवीकडे. बाकीचं तुम्हीच वर लिहिलंत.