टाकी तळाला जाऊन भरली की वरच्या बाथरूमला पाणी नाही. मदत हवी आहे

तळमजला आणि वर एक मजला. गच्चीवर १००० लिटरची टाकी, तिच्यातून १ इंची सीपीव्हीसी (प्लॅस्टिक पाइपची) लाइन निघून साधारण १२ मीटर आडवी उघड्यावर जाते आणि मग खाली उतरते. उन्हाळा लागल्यापासून तीन भानगडी आहेत.

१) टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की तळमजल्याच्या किचनला पाणी नीट येतं. वरच्या बाथरूमला मात्र फसफस करत धार येते आणि थांबते. कधी दोन-तीन तासांनी आपोआप सुरू होते.
२) गच्चीवरचा एक एल्बो (पाइपच्या वळणावरचा जोड) दुपारी ठिबकतो, सकाळी बघावं तर कोरडा.
३) वापरात नसलेल्या बाथरूममधून घाण वास येतो.

प्लंबर प्रेशर पंप बसवायला सांगतोय. बसवावा का?

पानापक्कड:
पंप सध्या राहू द्या. लाइनमध्ये हवा अडकली असेल तर पंप तीच हवा ओढणार, कोरडा फिरणार आणि त्याचं सील जळणार.

आधी हवा की कचरा ते ठरवा. टाकी तळाला जाते तेव्हा खालचा गाळ लाइनमध्ये ओढला जातो आणि नळाच्या तोंडच्या जाळीत बसतो. त्यामुळे जाळी काढून नळ सोडा. मग बेसिनखालचा अँगल कॉक बंद करून कनेक्शन पाइप सोडवा, खाली बादली धरून कॉक पूर्ण उघडा. धार बारीक पण एकसारखी असेल तर कचरा. खोकल्यासारखी तुटक येत असेल तर हवा.

वरच्याच बाथरूमला त्रास का, तर टाकीपासून त्या नळाची उंची जेमतेम अडीच-तीन मीटर. दर १० मीटर उंचीला साधारण १ बार दाब मिळतो, म्हणजे तिथे ०.३ बारसुद्धा नाही. एवढ्याशा दाबाला हवेचा फुगा हलत नाही. किचनला त्याच्या दुप्पट दाब मिळतो, तिथलं पाणी फुग्याखालून निसटतं.

तात्पुरता उपाय: बाकीचे नळ बंद ठेवून किचनचा आणि वरच्या बाथरूमचा पूर्ण उघडा, दोन-तीन मिनिटांनी किचनचा हळूहळू बंद करा. तरी जमलं नाही तर जास्त दाबाच्या, या टाकीवर नसलेल्या नळावरून होजपाइप आणून बाथरूमच्या अडलेल्या नळाला घट्ट जोडा. टाकीचा व्हॉल्व्ह उघडा, इतर सगळे नळ बंद. ३० ते ६० सेकंद उलटं पाणी सोडलं की टाकीत बुडबुडे येतात. काम झालं की होज लगेच काढा. जोडून ठेवला आणि त्या लाइनचा दाब गेला तर टाकीचं पाणी उलटं तिकडे जाईल.

गच्चीवाला:
तुमची पहिली आणि दुसरी भानगड एकच दिसतेय. सीपीव्हीसी दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण ०.०७ मिमी वाढतो. पहाट आणि दुपार यांत पाइपच्या तापमानात ३० अंशांचा फरक धरला तरी १२ मीटरला २५ मिमी होतात. क्लॅम्प घट्ट असतील तर ही वाढ जायची कुठे? पाइप मध्येच कमान टाकतो आणि टोकाच्या एल्बोला रेटतो. कमानीच्या माथ्यावर हवा बसते, रेटलेला एल्बो गळतो. क्लॅम्प कसे आहेत ते बघून सांगाल का?

धागाकर्ता:
जाळी काढून, अँगल कॉक सोडवून पाहिलं, धार तुटकच. क्लॅम्प घट्ट पिळलेत आणि पाइप दोन ठिकाणी बोटभर वर उचललाय. एल्बोवर बाहेरून सोल्युशन (पाइप जोडायचा चिकट द्रव) लावून चालेल? आणि लाइनमधली हवा बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपबद्दल ऐकलंय, त्यातून पाणी नाही का उडणार?

गच्चीवाला:
बाहेरून सोल्युशन लावणं म्हणजे रंग देणं. सोल्युशन सॉकेटच्या, म्हणजे एल्बोच्या तोंडाच्या आत गेलं तरच दोन प्लॅस्टिक एकजीव होतात. एल्बो कापून टाका. नवा एल्बो, दोन कपलर (सरळ जोड), पाइपचे तुकडे आणि सीपीव्हीसीचंच सोल्युशन आणा, यूपीव्हीसी या दुसऱ्या प्लॅस्टिकचं नको. काम सकाळी करा, तापल्या पाइपवर सोल्युशन जोड बसायच्या आत सुकतं. काटकोनात कापून कड घासा, दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव फेरा देत शेवटपर्यंत दाबा आणि ३० सेकंद धरून ठेवा, नाहीतर पाइप मागे सरकतो. पाणी डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतरच सोडा.

क्लॅम्प साधारण ९० सेंमीवर, पण पाइप आत सरकेल इतके सैल. लाइनच्या मध्यावर यू आकाराचा लूप घाला, पाय ३०-३५ सेंमीचे. तो आडवाच ठेवा, उभा केलात तर हवेला आणखी एक घर बांधून दिलंत. पाइपला पांढरा पाण्याचा रंग द्या, ऑइलपेंट नको.

पानापक्कड:
व्हेंटचं तोंड टाकीच्या भरल्या पातळीच्या वर असेल तर पाणी उडत नाही. टाकीच्या व्हॉल्व्हनंतर लगेच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून ३/४ इंची पाइप उभा न्या, झाकणाच्याही ३० सेंमी वर. तोंड खाली वळवून मच्छरजाळी बांधा. टी व्हॉल्व्हच्या अलीकडे टाकीकडे टाकलात तर व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्याचा काही उपयोग नाही. आडव्या लाइनला टाकीपासून पुढे दर मीटरला १ सेंमी उतार द्या, म्हणजे हवा आपसूक व्हेंटकडे परतते.

वासाचं सोपं आहे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यात, साधारण ५० मिमी पाणी उभं असतं, तेच गटाराची हवा अडवतं. वापर नसला की उन्हाळ्यात ते उडून जातं. दोन-तीन मग पाणी ओता, वर चमचाभर खाण्याचं तेल सोडा, तवंगामुळे पाणी सावकाश उडतं. पाणी ओतूनही दुसऱ्या दिवशी ट्रॅप कोरडा दिसला तर तो तडकलेला असू शकतो. मग खालच्या छताला ओल आलीय का तेही बघून घ्या.