बाप्तिस्म्याचा रकाना कोरा राहिला, तर काम फुकट गेलं का?

प्रश्न (सुवार्तिक, शेवगाव तालुका)
जय ख्रिस्त मंडळी. आमच्या वार्षिक अहवालात पहिलाच रकाना असतो, 'बाप्तिस्मे किती?' यंदा माझा कोरा आहे. ज्या वस्तीवर जातो तिथले एक आजोबा दारू सोडून दर शनिवारी माझ्याकडून लूकचं शुभवर्तमान वाचून घेतात. धाकट्या भावाशी तुटलेलं बोलणं त्यांनी स्वतःहून जोडलं. बाप्तिस्म्याचा विषय ते काढत नाहीत, मी रेटत नाही. वरिष्ठ म्हणतात, फळ दिसत नाही. मग हे काय आहे?

उत्तर (निवृत्त पाळक, नगर)
भाऊ, फळच आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या साहेबानं कवी नारायण वामन टिळकांशी गप्पा मारल्या आणि नवा करार त्यांच्या हाती दिला. टिळक त्यातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो साहेब कोण, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. त्याला तरी टिळकांचं पुढे काय झालं हे कुठून कळणार? त्याच्या हिशेबी ती एक गाठभेट, बस. आणि आपण आजही दर रविवारी टिळकांची गीतं गातो!

घरातलंच बघा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा व्हायला १९०० उजाडलं. त्या आल्या त्या स्वतःच्या मनानं. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही ख्रिस्तभक्तांची मंडळी मांडली, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती.

उत्तर (शब्बाथशाळा शिक्षिका, पुणे)
पाळकसाहेब, आदर राखून सांगते, आकड्याला इतकं खाली ढकलू नका. पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी सुमारे तीन हजार माणसं मंडळीला मिळाली, हे लूकनंच 'प्रेषितांची कृत्ये' मध्ये लिहून ठेवलंय. येशूच्या दाखल्यातल्या मेंढपाळानं शंभर मेंढरं मोजली म्हणून एक हरवलेलं कळलं. आमच्याकडे बाप्तिस्मा घेतलेली कितीतरी मुलं दृढीकरणानंतर (मोठेपणी श्रद्धा पक्की करण्याच्या विधीनंतर) दिसेनाशी झाली. कुणी मोजलंच नाही, त्यामुळे कुणी शोधायलाही गेलं नाही.

उत्तर (निवृत्त पाळक, नगर)
ताई, हे मान्य. त्या तीन हजारांच्याच अध्यायात पुढे ती माणसं प्रेषितांच्या शिक्षणात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून राहिली असंही आहे. तो रकाना मात्र फॉर्मवर नसतो. नुसता बाप्तिस्म्याचा आकडा मागितला की मन तयार नसलेला माणूस पाण्यापाशी आणला जातो. १८९९-१९०० च्या दुष्काळात ख्रिस्ती मंडळीत आलेल्यांच्या नातवंडांनीही 'पोटासाठी बाटले' हा टोमणा ऐकलाय. त्यातली किती घरं किती श्रद्धेनं उभी राहिली, हे मी जवळून पाहिलंय, म्हणून तो टोमणा मला अजून लागतो.

भाऊ, रकान्यात शून्य लिहा, न लाजता. खाली आजोबांचं सगळं सविस्तर लिहा, नाव मात्र घालू नका. आणि त्यांच्या भावाला भेटलात का? तो काय म्हणतो, ते इथे जरूर कळवा.